कडीपासून खुर्चीपर्यंत

घर बघायला आपण रविवारी जातो. मेगाब्लॉक नसेल तर रविवारची लोकल फार सज्जन असते. बसायला मिळतं, कधीकधी खिडकीही मिळते, स्टेशनबाहेर रिक्षावाला आपणहून ‘कुठे जायचंय?’ विचारतो. बिल्डरच्या गुळगुळीत पत्रकावर छापलेलं असतं : ‘स्टेशन ७ मिनिटांवर, कुर्ला तासाभरात’. हे आकडे खोटे असतात असं नाही. ते रविवारचे असतात.

समजा, नवराबायको बदलापूरला दोन खोल्या आणि हॉल बघून आले. दोघांचीही ऑफिसं वांद्रे-कुर्ला संकुलात, म्हणजे बीकेसीत. गॅलरीतून डोंगर दिसतो, हप्ता पगारात बसतो. आता सोमवारचा हिशोब मांडू. दाराची कडी लावली तिथपासून शेअर रिक्षाची रांग धरून स्टेशनपर्यंत १५ मिनिटं. फलाटावर १०. फास्ट लोकलने कुर्ला साधारण ६५. कुर्ल्याला पूल चढून-उतरून पुन्हा शेअर रिक्षाच्या रांगेत १५. रिक्षा बीकेसीत पोचायला १५. गेटवर कार्ड, लिफ्टची रांग, मग खुर्ची : ५. बेरीज १२५ मिनिटं, म्हणजे दोन तास पाच मिनिटं. त्यातली ६५ मिनिटं पत्रकात होती. उरलेल्या तासाबद्दल पत्रक गप्प होतं.

कामावर जाण्यायेण्यात किती वेळ घालवणं ठीक, हा प्रश्न कोणी विचारला तर उत्तर ‘तासभर’, ‘दीड तास’ असं चटकन येतं. ते बहुतेक वेळा गाडीच्या वेळापत्रकातलं असतं. म्हणून पहिला नियम साधा आहे : प्रवास स्टेशनपासून स्टेशनपर्यंत मोजायचा नाही, कडीपासून खुर्चीपर्यंत मोजायचा. मात्र आकडा हाती आला तरी तो जास्त की कमी, हे कशावरून ठरवायचं? त्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

भोंग्याच्या हद्दीतलं शहर

चेझारे मार्केत्ती हे इटालियन भौतिकशास्त्रज्ञ. १९९४ साली त्यांनी एक निरीक्षण मांडलं, ते नगररचनेच्या अभ्यासात ‘मार्केत्ती स्थिरांक’ या नावाने रुळलं. माणूस गुहेत राहत असो की महानगरात, तो रोजच्या जाण्यायेण्याला सरासरी साधारण एक तास देतो. चालणारा माणूस ताशी पाच किलोमीटर जातो, म्हणजे अर्ध्या तासात अडीच. आता शहराच्या मध्यातून चहूकडे अडीच किलोमीटर मोजा, पाच किलोमीटर व्यासाचं वर्तुळ होतं. जुनी तटबंदीची शहरं, अगदी प्राचीन रोमसुद्धा, साधारण याच मापात बसतात, असं मार्केत्तींनी दाखवलं. या कल्पनेचं श्रेय त्यांनी याकोव्ह झहावी यांना दिलं. झहावींनी १९७० च्या दशकात जागतिक बँकेसाठी वेगवेगळ्या शहरांतल्या प्रवासाचा अभ्यास करताना माणसाचं ‘वेळेचं अंदाजपत्रक’ असतं असं सांगितलं होतं.

हे मुंबईत ताडून बघायला गिरणगाव आहे. १८५० च्या दशकात कापडगिरण्या सुरू झाल्या आणि त्यांच्याभोवती परळ, लालबाग, भायखळा, वरळीला चाळी उभ्या राहिल्या. कामगार चाळीत राही आणि पायी गिरणीत जाई. पाळीची वेळ भोंगा सांगे. तो जिथपर्यंत ऐकू येई, तिथपर्यंत कामगाराचं शहर. सातारा, कोल्हापूर, कोकणातून आलेला माणूस दहा बाय बाराच्या खोलीत सात-आठ जणांत झोपत होता, खानावळीत जेवत होता. त्याची गैरसोय मोठी होती, पण प्रवास दहा-पंधरा मिनिटांचा होता. जागा कमी आणि वेळ जास्त, असा तो व्यवहार होता. आज बदलापूरला घर घेणारा नेमका उलट व्यवहार करतो.

गाडी वेगवान झाली, घर लांब गेलं

मार्केत्तींच्या निरीक्षणात एक गोम आहे. माणूस प्रवासाला देतो तो वेळ ठरलेला असेल, तर गाडीचा वेग वाढल्यावर वेळ वाचत नाही, अंतर वाढतं.

मुंबईचा नकाशा या एका वाक्यावर वाढला. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला गेली. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम आली, १९०७ मध्ये विजेची. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी (आजचं सीएसएमटी) ते कुर्ला विजेवरची लोकल धावली. प्रत्येक वेळी शहराने आपली कड पुढे सरकवली : दादर-माटुंगा, मग मुलुंड-ठाणे, मग डोंबिवली-कल्याण, मग बदलापूर, कर्जत, कसारा; पश्चिमेला बोरिवली, विरार आणि आता डहाणू. डोंबिवली सीएसएमटीपासून ४८ किलोमीटरवर आहे, बदलापूर ६८ वर, कर्जत १०० वर. पुण्याहून डेक्कन क्वीनने आणि नाशिकहून पंचवटीने पास काढून मुंबईत नोकरी केलेले लोक प्रत्येक मराठी घराच्या ओळखीत एक तरी सापडतात.

पण मुंबईने मार्केत्तींचं अंदाजपत्रकही मोडलं. कारण बेट निमुळतं आहे. कचेऱ्या बराच काळ दक्षिण टोकाला एकवटल्या होत्या आणि राहायला जागा फक्त उत्तरेला उरली होती, त्यामुळे वर्तुळाच्या जागी एक लांबलचक पट्टी तयार झाली. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंची भाडी गोठवली. आत असलेल्याला त्याने आधार दिला, पण भाड्याने द्यायला नवी घरं बांधण्यात कोणाला रस उरला नाही. १९८२ च्या गिरणी संपाच्या वेळी गिरण्यांत अडीच लाखांच्या आसपास कामगार होते. त्या बंद पडत गेल्या आणि कामगारांची पुढची पिढी चाळीतली खोली विकून किंवा भाऊबंदांना देऊन कल्याणच्या पुढे गेली. गिरण्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. ज्याचे आजोबा लोअर परळला पायी जात, तो आज त्याच लोअर परळला दोन तास लोकलने येतो.

म्हणजे तुमच्या प्रवासाची लांबी बऱ्याच अंशी तुमच्या आधीच कोणीतरी ठरवलेली असते. तरीही बदलापूर की भाड्याने विक्रोळी, ही नोकरी की घराजवळची, एवढी निवड हातात उरते. ती नीट करावी.

तासाची किंमत

अर्थशास्त्राने या निवडीचं एक सुटसुटीत चित्र काढलं. विल्यम अलोन्सो यांनी १९६४ च्या पुस्तकात ते मांडलं : नोकऱ्या मध्यात, मध्यापासून जसजसं दूर जावं तसतशी जमीन स्वस्त आणि प्रवास महाग. माणूस दोन्ही तोलतो आणि जिथे काटा सरळ राहतो तिथे घर करतो. या हिशोबाने बदलापूरकराला प्रवासाचा त्रास आहे, पण स्वस्त आणि मोठ्या घराने तो भरून निघाला आहे, त्यामुळे तो विक्रोळीकराएवढाच समाधानी असायला हवा.

हा तराजू घरच्या घरी लावता येतो. समजा, जवळचं घर महिन्याला १२,००० रुपयांनी महाग पडतं आणि लांबच्या घरामुळे रोज दोन तास जादा जातात. महिन्याचे २० कामाचे दिवस धरले तर ४० तास. म्हणजे तुम्ही आपला एक तास ३०० रुपयांना विकत आहात. पगार ४८,००० असेल आणि काम महिन्याला १६० तास, तर कचेरीही तासाला ३०० रुपयेच देते. व्यवहार बरोबरीचा दिसतो. अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या पद्धतीने शहरांतर्गत खाजगी प्रवासाचा तास उत्पन्नाच्या निम्म्या दराने मोजला, तर बदलापूरवाला फायद्यातच आहे.

मग अनुभव वेगळं का सांगतो? स्वित्झर्लंडचे अर्थशास्त्रज्ञ अलोइस श्टुट्झर आणि ब्रूनो फ्राय यांनी जर्मनीत वर्षानुवर्षं चाललेल्या एका मोठ्या कौटुंबिक पाहणीतली माहिती तपासली. काटा खरोखर सरळ राहत असता, तर लांबून येणारे आणि जवळ राहणारे सारखेच समाधानी दिसायला हवे होते. तसं दिसलं नाही. प्रवास जितका लांब, तितकं आयुष्याबद्दलचं समाधान कमी. पगाराने किंवा घराने ते भरून आलेलं नव्हतं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात याला ‘प्रवासाचा विरोधाभास’ म्हटलं आहे. त्याआधी २००४ मध्ये डॅनियल कानेमन आणि सहकाऱ्यांनी टेक्ससमधल्या ९०९ नोकरदार स्त्रियांना आदल्या दिवसाचा प्रसंगवार हिशोब लिहायला लावला होता. कोणत्या कामात मन किती रमलं, या यादीत सकाळचा कामावर जायचा प्रवास तळाला होता.

चूक कुठे होते, याचा एक उलगडा सवयीत आहे. नव्या घराची आपल्याला फार लवकर सवय होते. वास्तुशांतीच्या दिवशी मोठा वाटलेला हॉल सहा महिन्यांत कपाटं आणि सोफ्याने भरतो. गॅलरीतला डोंगर पाहुणे आल्यावरच दिसतो. प्रवासाची सवय मात्र अर्धवटच होते. पाय सरावतात, मन सरावत नाही, कारण तो रोज नव्याने त्रास देतो. आज सिग्नल बिघडतो, उद्या पाऊस येतो, परवा आपली गाडी रद्द. सरावता येतं ते ठरावीक गोष्टीला, आणि लोकलमध्ये ठरावीक असतो तो फक्त लेटमार्क.

सगळी मिनिटं सारखी नसतात

डोंबिवलीच्या फलाटावर सकाळी उभं राहा. मुंबईला जायचं आहे, पण काही माणसं उलट दिशेच्या गाडीत चढतात, कल्याणला जातात आणि तीच गाडी मुंबईकडे निघाली की बसून परत डोंबिवलीवरून पुढे जातात. याला ‘रिटर्न करणं’ म्हणतात. त्यात पंधरा-वीस मिनिटं जादा जातात आणि ती हे लोक खुशीने देतात. कोणत्याही संशोधकाने आखला नसता असा हा प्रयोग रोज होतो आणि त्याचं उत्तरही रोज तेच येतं : बसलेला दीड तास उभ्याच्या सव्वा तासापेक्षा लहान असतो.

वाहतुकीचा अभ्यास करणारेही हे मानतात. गाडीच्या आतल्या मिनिटापेक्षा ताटकळण्याचं मिनिट साधारण दुप्पट जड धरायची पद्धत आहे. गर्दीत उभं राहण्याचं वजन त्याहून वेगळं. मुंबईच्या लोकलमध्ये गर्दीच्या वेळी एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा माणसं उभी असतात. तिथे पुस्तक तर सोडाच, हात खिशापर्यंतही पोचत नाही. दारात लटकणाऱ्यांचा धोका तर मिनिटांत मांडताच येत नाही. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत मुंबईच्या उपनगरी रेल्वेमार्गांवर दोन हजारांहून अधिक माणसं दगावली. त्यात रूळ ओलांडणारे होते, तसेच गाडीतून पडणारेही होते.

मिनिटांहून जास्त छळते ती बेभरवशाची वेळ. हिंजवडीला जाणाऱ्या पुणेकराला विचारा. त्याचं अंतर पंधरा-वीस किलोमीटर असतं, बदलापूरकराच्या निम्म्यालाही येत नाही. पण ते कधी चाळीस मिनिटांत कापलं जातं, तर कधी पावसाळी संध्याकाळी दोन तासांत. मग तो रोजच दोन तासांच्या तयारीने निघतो. ज्या दिवशी लवकर पोचतो, त्या दिवशी वाचलेला वेळ त्याच्या काहीच कामाचा नसतो. म्हणून प्रवासाची सरासरी काढू नये. दहा दिवसांतल्या सगळ्यात वाईट दोन दिवसांचा आकडा हाच आपला खरा आकडा, कारण घड्याळाचा गजर आपण त्यानेच लावतो.

याची दुसरी बाजूही आहे. प्रवास शून्य असावा, असं फार थोड्यांना वाटतं. लोथलोरियन रेडमंड आणि पॅट्रिशिया मोख्तारियन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या तेराशेवर नोकरदारांना ‘तुमच्या मनासारखा प्रवास किती?’ असं विचारलं. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेलं सरासरी उत्तर होतं, १६ मिनिटं. मार्च २०२० मध्ये लोकल थांबली आणि ज्यांचं काम घरी आलं, त्यांना याचा प्रत्यय आला. पहिले काही आठवडे सुटल्यासारखं वाटलं. पुढे स्वयंपाकघरातून कचेरीत आणि कचेरीतून स्वयंपाकघरात जायला मध्ये एक उंबराही नाही, याची घुसमट होऊ लागली. साहेबावरचा राग दादरपर्यंत धुसफुसून ठाण्यापर्यंत विझवण्याची सोयच गेली होती. डब्यातलं भजनी मंडळ, भाजी निवडणाऱ्या बायका, दसऱ्याला झेंडूच्या माळा लावलेला डबा, वीस वर्षांचे गाडीतले मित्र, हे सगळं खरं आहे. फक्त एक सावधगिरी हवी. ही माणसांनी प्रवासातून काढलेली वाट आहे, प्रवासाने दिलेली देणगी नव्हे. तिच्या भरवशावर घर घेऊ नये, कारण ८.०८ चा ग्रुप ९.१२ च्या गाडीत भेटत नाही.

बिल कोणाच्या नावावर?

आता बदलापूरच्या जोडप्याकडे परत येऊ. दोघांचा प्रवास तेवढाच, एकाच गाडीचा. तरी तो दोघांना सारखा पडत नाही.

ब्रिटनमधल्या दीर्घकालीन कौटुंबिक पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. जेनिफर रॉबर्ट्स, रॉबर्ट हॉजसन आणि पॉल डोलन यांना आढळलं, की प्रवास लांबला तसं स्त्रियांचं मानसिक स्वास्थ्य घसरतं आणि पुरुषांवर तसा परिणाम दिसत नाही. स्त्रियांचे कामाचे तास किंवा नोकरीचं स्वरूप वेगळं असतं म्हणून असं होतं का, हेही त्यांनी तपासलं. तेवढ्याने उत्तर मिळेना. घरकाम आणि मुलांची जबाबदारी स्त्रियांवर जास्त असते, तिथेच त्यांना कारण दिसलं.

आपल्याला हे कळायला ब्रिटनला जायची गरज नाही. चोवीस तासांचा हिशोब उलट बाजूने मांडा. झोप सात तास. कचेरी, जेवणाच्या सुट्टीसकट, नऊ तास. उरले आठ. अंघोळ, आवरणं, स्वतःचं जेवणखाण दीड तास. उरले साडेसहा. प्रवास चार तास दहा मिनिटं. उरले दोन तास वीस मिनिटं. नवऱ्याच्या बाबतीत हा वेळ बातम्या, मुलाचा अभ्यास, सोसायटीची मीटिंग यांचा असतो. तिच्या दिवसात त्याच दोन तास वीस मिनिटांत सकाळचे डबे, संध्याकाळचा स्वयंपाक, ओटा, कपडे आणि उद्याची भाजी येते. हे सगळं तेवढ्यात मावत नाही. मग ती झोपेतून घेते. सातचे पाच-साडेपाच तास होतात आणि पहाटे साडेचारला कुकरची शिटी होते. पाळणाघर साडेसातला बंद होत असेल आणि गाडी पाऊण तास उशिरा असेल, तर त्या पाऊण तासाचा घोर बहुतेक घरांत तिलाच लागतो. किंवा मग आजीला गावाहून बोलावलं जातं आणि प्रवासाचं बिल तिच्या नावावर फाटतं.

म्हणूनच ‘किती प्रवास चालेल?’ हा प्रश्न मुळात उलटा आहे. आपण आधी प्रवास ठरवतो आणि उरेल तो दिवस आपला म्हणतो. आधी दिवस ठरवायला हवा. घरातल्या प्रत्येकाला किती झोप, मुलासोबत किती वेळ, कामाची वाटणी कशी, आणि कोणाचंही नसलेलं असं अर्ध्या तासाचं रिकामपण. हे बाजूला काढून जे उरेल, तेवढाच प्रवास परवडतो. आणि तो घरात ज्याचा दिवस सगळ्यात भरलेला, त्याच्या हिशोबाने ठरवावा.

ठरवायचं कसं?

या मापाने माझी पट्टी अशी आहे, कोणाची वेगळी निघू शकते. कडीपासून खुर्चीपर्यंत पाऊण तास : विचार न करता हो म्हणावं. एक तास : एकच वाहन असेल आणि बसायला मिळत असेल तर हो, दोन ठिकाणी बदलायचं असेल तर दोनदा विचार करावा. दीड तास : घरात लहान मूल किंवा आजारी माणूस नसेल आणि कामाची वाटणी खरोखर होणार असेल, तरच. त्यापुढे : एका बाजूचे दीडच तास धरले तरी रोजचे तीन, आणि वर्षाचे २४० कामाचे दिवस धरले तर ७२० तास. म्हणजे वर्षातला एक पूर्ण महिना, दिवस-रात्र, गाडीत. अशा प्रवासाला तेव्हाच होकार द्यावा, जेव्हा तो कधी संपणार हे माहीत असेल.

सह्या करण्याआधी परीक्षा घेण्याची रीतही सोपी आहे. पसंत पडलेल्या घराच्या दारापासून एका सोमवारी सकाळी, आपल्या रोजच्या वेळेला, दोघांनी निघून कचेरीत जायचं. संध्याकाळी तिथेच परत यायचं. जमलं तर तो सोमवार जुलैतला असावा. आणि परत आल्यावर, त्याच पायांनी, तासभर ओट्याशी उभं राहायचं. आळीपाळीने नव्हे, दोघांनीही.

तरीही नाइलाज असतो. पैसे तेवढेच असतात, नोकरी तिथेच असते, आणि माणसं म्हणतात, ‘दोन-तीन वर्षं काढू, मग बघू.’ त्या ‘मग’ला तारीख नसते, म्हणून दोन-तीनची वीस होतात. घराच्या कर्जाला बँक मुदत लिहून घेते, महिना आणि वर्षासकट. कर्जाचे कागद ज्या फायलीत ठेवाल, तिच्यातच आणखी एक कागद ठेवावा. त्यावर लिहावं, की अमुक महिन्यापर्यंत कचेरी, घर किंवा घरातल्या कामाची वाटणी, या तिन्हीपैकी एक बदलायचं. आणि खाली दोघांच्या सह्या.